मखमलीतला खळगा

अजूनही कुणी बाई पदराखाली काही झाकून भराभरा चाललेली दिसली की तो नवमीचा दिवस पुन्हा डोळ्यांपुढं येतो.

आमचे हे म्हणतात, खटल्याच्या आठवणी साहेब लोकांनी लिहायच्या, पेन्शनीत बसून, आरामखुर्चीत. तू कोण? मी म्हटलं, मी पण पोलिसातलीच की. पाच वर्षं आमच्या ठाण्यात बायकांची झडती मीच घेतली. पुरुष पोलिसाला बाईच्या अंगाला हात लावता येत नाही, मग पोलीस लाइनीतली एखादी बाई बोलावतात, ती बाई मी. हे कॉन्स्टेबल, आमची खोली ठाण्याला लागून, हाक मारली की ऐकू येते, म्हणून मीच. मराठी चौथीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यावर लिहितेय. गेल्या वर्षी दुसरं पोर झालं आणि ते काम सुटलं. आता भ्यायचं काही कारण नाही, तरी भीती वाटते, म्हणून नावं कुणाचीच देत नाही. हॉटेलाचं पण नाही.

हॉटेल म्हणजे पूर्वी कुणा मोठ्या घराण्याचा महाल. तो रिकामा पडला, मग कुणी तरी घेतला, भिंती पांढऱ्या केल्या, विजेचे दिवे आणले, आणि दसरा बघायला लांबून येणारे गोरे पाहुणे तिथं उतरायला लागले. मुंबई बघायची, हैदराबाद बघायचं, मग आमचं म्हैसूर, मग उटी, असा त्यांचा फिरायचा रस्ता. आम्ही लाइनीतल्या बायका कुंपणापासनं बघायचो. आत म्हणे न्हाणीत नळ फिरवला की गरम पाणी येतं. सासूबाई म्हणायच्या, "मग चूल कुठं असेल गं?" तेच मला पण बघायचं होतं. बघायला मिळालं, पण ते असं.

नवमीला सकाळी ठाण्यात आयुधपूजा झाली. बंदुका ओळीनं लावल्या, त्यातल्या चार पहाऱ्याला बाजूला ठेवल्या. मग लाठ्या, बेड्या, कोठडीचं कुलूप किल्लीसकट, कंदील, आणि लिहिणाऱ्या जमादारांनी आपली नोंदवही, दौत आणि तिन्ही टाक मांडले. सगळ्याला गंध, कुंकू, झेंडू. दारात कोहळा फोडला. आमच्याकडं असं आहे की वस्तू एकदा पूजेत बसली की दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत हलवायची नाही. न्हाव्याचा वस्तरा बसतो, सुताराची करवत बसते, तसं आमचं ठाणं बसलं होतं.

साडेअकराच्या सुमाराला हॉटेलातनं जटका, म्हणजे आमच्याकडचा टांगा आला, मॅनेजरची चिठ्ठी घेऊन. मी तिथंच प्रसाद वाटत होते, पोरगी कडेवर. आठ महिन्यांची होती तेव्हा, दात येत होते, सारखी किरकिर. इन्स्पेक्टरसाहेबांनी चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "एका मड्डमचा सोन्याचा दागिना गेलाय. लिहा."

जमादार हलले नाहीत. "स्वामी, टाक पूजेत आहे."

"तीन आहेत ना?"

"तिन्ही पूजेत आहेत."

साहेबांनी खिशाला हात लावला आणि तसाच खाली सोडला. त्यांचं स्वतःचं शाईचं पेन पण तिथंच होतं, झेंडूखाली. सकाळी त्यांनीच ठेवलेलं.

"बरं," म्हणाले. "आधी दागिना सापडू दे. उद्या लिहू." मग माझ्याकडं वळले. "चला, अम्मा. बायकांची झडती आहे."

मी पोरगी सासूबाईंकडं द्यायला धावले तर त्या ओब्बट्टू लाटत होत्या, पुरणानं हात भरलेले. म्हणाल्या, "मला कुठं देतेस? ने तुझं तू." मग नेली.

हॉटेलच्या मागच्या व्हरांड्यात खबर देणारा उभा होता. न्हाणीघरं धुवायचं काम त्याचं. तो म्हणाला, "मड्डम आठ वाजता गाडीतनं हत्ती सजवतात ते बघायला गेल्या. नवाला त्यांची आया पदराखाली काहीतरी झाकून मागच्या दारानं गेली. मी डोळ्यांनी बघितलं. वीस मिनिटांनी आली तेव्हा पदराखाली काही नव्हतं." अकराला मड्डम परत आल्या, पेटी उघडली आणि ओरडल्या.

खोटं तो बोलला नाही. हे आधीच सांगते. बघितलं तेच बोलला.

आया माझ्याच वयाची, वीसबावीसची. नरसीपूरकडची. नवरा कोलारला खाणीत. हॉटेलनं तिला दसऱ्यापुरती मड्डमच्या हाताखाली दिलेली. ती भिंतीला टेकून उभी होती आणि साहेबांकडं न बघता माझ्या पोरीकडं बघत होती.

झडतीला चादरींची खोली दिली. फडताळं छतापर्यंत, सगळ्या पांढऱ्या घड्या, खळीचा वास. एवढ्या चादरी कोण झोपून मळवतं, असं मनात आलं. हे बाहेर दाराशी पहाऱ्याला उभे राहिले. मी पोरगी खाली घडीवर ठेवली आणि आयाचा अंबाडा आधी सोडायला लावला. नवीन बाई चोळी बघते, पण बायका दडवतात अंबाड्यात, निऱ्यांत, नाहीतर तोंडात. तिच्याकडं काही नव्हतं. अंबाड्यात एक काटा आणि सुकलेलं अबोलीचं फूल.

तेवढ्यात माझी पोरगी रडली. जोरात, दातांमुळं. आणि माझ्या समोर त्या बाईच्या चोळीला ओल फुटली. आधी एक ठिपका, मग दोन्ही बाजू भिजल्या. तिनं पदर ओढला पण मी बघितलं होतं, आणि मी बघितलं ते तिनं बघितलं. पोर असलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. दुसऱ्याचं पोर रडलं तरी पान्हा फुटतो, तो काय आपलं ऐकतो.

"केवढं आहे?" मी विचारलं.

ती खालीच बसली. "अक्का, पाया पडते, सांगू नका. तीन महिन्यांचं. मुलगा."

मग सगळं भडाभडा बोलली. हॉटेलात अंगावर पिणारं मूल असलेली आया ठेवत नाहीत. पाहुण्यांना रडणं चालत नाही. हिनं मूल नाही म्हणून सांगितलं आणि घोडेखान्यामागच्या गल्लीत एका फुलांचे हार विकणाऱ्या म्हातारीकडं ठेवलं. नवाला जायचं, एकाला जायचं, पाचाला जायचं. आता दीड वाजून गेला होता.

झडतीत मिळेल ते सगळं साहेबांना सांगायचं, हा नियम. पण दूध मिळालं असं कसं सांगायचं? मी बाहेर आले. "काही नाही स्वामी."

साहेबांनी तिला व्हरांड्यात उभं केलं. ते मारणारे नव्हते, ओरडणारे पण नव्हते. शांतपणे विचारायचे, त्याचीच जास्त भीती वाटायची.

"नवाला कुठं गेलीस?"

गप्प.

"पदराखाली काय होतं?"

गप्प.

"दागिना घेतलास?"

"नाही स्वामी. देवाशप्पथ, दागिना घेतला नाही."

"मग काय होतं?"

तिनं ओठ असे दाबले की पांढरे पडले.

साहेब मला म्हणाले, "बघितलं, अम्मा? दागिन्याचं विचारलं की चटकन शपथ घेते आणि पदराखालचं विचारलं की दातखीळ. काहीतरी लपवतेय." आणि तिला सांगितलं, "पाच वाजता जेलची गाडी येईल. बायकांची कोठडी तिकडंच आहे. उद्या जंबूसवारी, सगळे पोलीस रस्त्यावर. परवापर्यंत तुझ्याकडं बघायला कुणाला वेळ नाही. तेव्हा बोलायचं तर आत्ता बोल."

परवापर्यंत. तीन महिन्यांचं पोर. तिनं माझ्याकडं बघितलं, एकदाच. बोलावं तर नोकरी जाते आणि न बोलावं तर पोर उपाशी.

मग साहेबांनी मला मड्डमच्या खोलीत पाठवलं, पलंगाखाली, गालिच्याखाली कुठं पडलंय का बघायला. बाईमाणसाच्या खोलीत आपण जाणं बरं नाही म्हणाले. मॅनेजर बरोबर. माझ्या पोरीला बघून त्याचं तोंड आंबट झालं. "ये बच्चा इधर नहीं," म्हणाला. मी म्हटलं, "बच्चा मेरे साथ है," आणि गेले. माझी हिंदुस्थानी तेवढीच.

ती खोली काय सांगू. आमच्या लाइनीतली चार बिऱ्हाडं त्यात मावली असती. पलंगाला पांढरी जाळी, पलंगाशी बटण, दाबलं की खाली घंटा वाजते. न्हाणीत पांढरा टब, त्याला सिंहाचे पाय. नळ मी हळूच फिरवला, आणि गरम पाणी आलं. चूल कुठं दिसली नाही. एवढ्या भीतीत पण ते सासूबाईंना सांगायचं डोक्यात ठेवलं.

मड्डम खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या, डोक्यावर टोपी तशीच. वय पन्नासच्या आसपास. नवरा नाही, बरोबर कुणी नाही, एकट्या गावोगाव फिरतात असं मॅनेजर म्हणाला. आरशापुढं त्यांची चामड्याची पेटी उघडी. चांदीच्या झाकणांच्या बाटल्या, ब्रश, कंगवे, आणि ज्याला त्याला निळ्या मखमलीत आपापली जागा. बाटलीला गोल, कंगव्याला लांब. एक जागा रिकामी. मी वाकून बघितलं. मड्डमनं उठून झाकण लावलं, फार घाईनं.

मी मॅनेजरला म्हटलं, "दागिना कसा होता विचारा." त्यानं विचारलं. मड्डमनं गळ्याशी दोन्ही हातांनी मोठा हार दाखवला.

पण तो खळगा हाराचा नव्हता. हार गोल पडतो. हा वाकडा होता. एका अंगाला जाड, मग मोडल्यासारखा वळून दुसऱ्या अंगाला निमुळता. हा आकार माझ्या ओळखीचा होता आणि कुठला ते आठवेना. मी जिना उतरत होते, अर्ध्यावर आले आणि पाय थांबले.

आमच्या माहेरी आजोबांची पेटी आहे. आजोबा महाराजांच्या घोडदळात शिलेदार. पिस्तूल पुढं सरकारजमा झालं, पेटी राहिली. आतला खळगा तसाच. आई त्यात आमच्या लहानपणीचे वाळे, करगोटे ठेवायची, आणि दर नवमीला ती रिकामी पेटी तलवारीशेजारी पूजेत मांडायची. मी लहान असताना त्या खळग्याच्या कडेनं बोट फिरवत बसायचे. तोच आकार. तेवढा मोठा नाही, पण तोच.

मड्डमचा दागिना गेला नव्हता. पिस्तूल गेलं होतं.

मी कठड्याला धरलं. हॉटेलचा नियम दारातच पाटीवर होता, यांनी येताना मला वाचून दाखवलेला. दसऱ्याच्या दिवसांत पाहुण्यांनी हत्यार असेल ते ऑफिसात जमा करायचं. मड्डमनं केलं नव्हतं, म्हणून हार सांगितला. आणि उद्या रस्त्यावर जंबूसवारी, महाराज हत्तीवर, एवढं गाव लोटणार, आणि एक पिस्तूल कुठं आहे ते कुणाला माहीत नाही. हे मी साहेबांना सांगायचं? चौथी शिकलेली बाई, एक खळगा बघून? चुकलं तर गोऱ्या मड्डमवर आळ घेतला म्हणून यांची नोकरी जाईल, लाइनीतली खोली जाईल. खरं निघालं तर त्या आयाला कोण सोडणार? दागिन्याची चोरी आणि पिस्तुलाची चोरी सारखी नाही.

म्हटलं आधी तिलाच विचारावं. पण ती बोलायची नाही, अशी दाबलेल्या ओठांनी. मग मी जे केलं ते आज करायची हिंमत माझ्यात नाही.

मी मागच्या दारानं गल्लीत गेले. पोरीला झोपवून आणते म्हणून सांगितलं. हारवालीच्या खोलीचं दार विचारावं लागलं नाही, रडणं ऐकू येत होतं. रडून रडून घसा बसलेला, नुसता खरखर आवाज. मी त्याला अंगावर घेतलं. तोंड लावी आणि मान फिरवी, आईचा वास नव्हता. म्हातारी म्हणाली, "साखरेचं पाणी पण थुंकतोय." मी माझी पोरगी म्हातारीच्या मांडीवर दिली, तिची कुंची काढून त्याच्या डोक्यावर घातली, माझ्या शालीत त्याला गुंडाळलं आणि परत निघाले.

आठ महिन्यांची पोर नेली आणि तीन महिन्यांचं पोर आणलं. फाटकावरच्या शिपायानं बघितलं, काही म्हणाला नाही. मॅनेजर समोरनं आला, "फिर बच्चा," म्हणाला आणि गेला. खबर देणारा माणूस, ज्याला पदराखालचं सगळं दिसतं, त्याला पण दिसलं नाही. पुरुषांना पोर म्हणजे पोर.

चादरींच्या खोलीच्या दाराशी हे. साहेबांनी तिला परत आत बसवलेली. मी जवळ गेले आणि शालीतनं पाय बाहेर आला. आमच्या पोरीच्या पायात चांदीचे वाळे. या पायात काळा दोरा. यांनी पायाकडं बघितलं. मग माझ्याकडं. ड्यूटीवर असले की ते माझे कुणी नसतात, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलेलं. लाठी पूजेत होती, त्यामुळं त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळेना. शेवटी पाठीमागं बांधले आणि बागेकडं तोंड केलं.

"आत जा," म्हणाले. "आणि तिला रडू देऊ नको."

तिला म्हणाले. मुलगा आहे हे त्यांना कुठून ठाऊक असणार.

आयानं पोर ओढूनच घेतलं. खोलीत नुसता चुटुचुटु आवाज. तिचे खांदे खाली आले, डोळे मिटले. मी दोन घडीच थांबले, जास्त वेळ नव्हता. समोरच्या चादरीवर बोटानं तो आकार काढला.

"मड्डमच्या पेटीत दागिना नाही गं, हे. हे कुठं आहे?"

तिनं चादरीकडं बघितलं, मग माझ्याकडं, जशी मीच वेडी. "ते? ते तर पूजेत आहे."

"कुठं पूजेत?"

"घोडेखान्यात. सगळ्यांचं तिथंच असतं. अक्का, माळ्याची कात्री बसते, आचाऱ्याचा सुरा बसतो, धोब्याची इस्त्री बसते. ही बाई एकटी देशोदेशी फिरते, त्याच्याच भरवशावर झोपते, उशीखाली ठेवून. तिच्या आयुधाला कुंकू नको? मग वर्षभर ते पाठ राखील का?"

"न विचारता नेलंस?"

"विचारलं की. सकाळी केस विंचरत होत्या. म्हटलं, पूजा मॅडम, टुमारो गिव्ह. ते हातात धरून दाखवलं पण. आरशात बघत यस यस म्हणाल्या."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस, बाई?"

"त्यांनी दागिना विचारला. दागिना मी घेतला नाही. आणि ते कुणाला बोलायचं नाही अशी मड्डमची ताकीद आहे, पहिल्याच दिवशी तोंडावर बोट ठेवून सांगितलेली. ते कुठं आहे हे तर त्यांना माहीतच आहे." मग हळू आवाजात, "दागिना कुणी नेला, अक्का?"

मला हसू येत होतं आणि रडू पण. तिला अजून कळलं नव्हतं की दागिन्याची चोरी झालीच नाही.

पोर पोटभर प्यायलं, झोपलं. तसंच गल्लीत पोचवलं, माझी आणली, आणि साहेबांपुढं उभी राहिले. सगळं सांगितलं, खळगा, आजोबांची पेटी, पूजा. पोराचं सोडून.

साहेब उठले ते खुर्ची मागं पडली.

घोडेखान्यात घोड्यांच्या कपाळाला कुंकू, गळ्यात माळा. भिंतीशी पाटांवर चाबूक, खोगिरं, सुरे, कात्र्या, इस्त्री, सगळं झेंडूत बुडालेलं. कडेला केळीच्या पानावर ते. हस्तिदंती मुठीचं, तळहाताएवढं, नळीवर कुंकवाचं बोट. आणि त्याच्यापासनं वीतभर अंतरावर समई जळत होती.

साहेब वाकले तर म्हातारा गाडीवान आडवा आला. "स्वामी, बेडा, नको. पूजेतलं आयुध उद्याशिवाय हलायचं नाही. मी जिवंत असताना नाही."

साहेब थांबले. सकाळी आरती केलेला माणूस. हात पुढं जाईना आणि मागं पण घेववेना. मी समईकडं बघत होते.

"काका," मी गाडीवानाला म्हटलं, "आमच्या घरी आई करते उत्तरपूजा. शिलेदाराचं घर आमचं. एकट्या वस्तूची आधी केली तर चालते." चालते की नाही मला ठाऊक नव्हतं. पण कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं. मी अक्षता घेतल्या, त्याच्यावर टाकल्या, आईसारखं एका बोटानं जरासं उत्तरेकडं सारलं, नळी भिंतीकडं ठेवून, आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी परत ये." गाडीवान बाजूला झाला. साहेबांनी रुमालात उचललं, बाहेर उजेडात नेऊन उघडलं. आत सहा गोळ्या होत्या. त्यांनी एकेक काढून खिशात टाकली, आणि त्यांच्या कपाळावरचं गंध घामानं ओघळलं ते मी बघितलं.

मड्डमपुढं टेबलावर साहेबांनी रुमाल उघडला. मॅनेजरला बाहेर थांबवलं होतं. मी दाराशी. इंग्रजी मला कळत नाही, साहेबांनी नंतर सांगितलं. त्या म्हणाल्या, सकाळचा चहा होईपर्यंत ती काय म्हणेल त्याला मी यस म्हणते. मग म्हणाल्या, अनोळखी खोलीत हे उशाला नसलं तर मला झोप येत नाही. मी त्या पलंगाकडं बघितलं. एवढा मोठा, आणि मधोमध एकच उशी. माझी खोली दहा फुटांची, पण मला कधी असं वाटलं नाही.

मॅनेजरला मड्डमनं सांगितलं, हार दुसऱ्या पेटीत सापडला, चूक माझी, आया माझ्याकडंच राहू दे. पिस्तूल साहेबांनी ठाण्यात आणलं आणि आमच्या बंदुकांच्या ओळीत ठेवून दिलं. "पूजेतलं पूजेतच राहू दे," म्हणाले. मड्डम दसरा आटपून उटीला जायला नंजनगूडच्या गाडीत बसल्या तेव्हा ते त्यांना परत दिलं.

निघताना पाच वाजत होते. जेलची गाडी आलेली, ती साहेबांनी रिकामी पाठवली. जटक्यात पाय ठेवला आणि थांबले.

"अम्मा, नवाला गेली ती वीस मिनिटांनी आली. आयुध ठेवायला पाच मिनिटं लागतात. बाकीची पंधरा?"

मी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"झडतीत काय मिळालं ते खरं सांगा. वहीत लिहावं लागेल."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि आया बाहेर पडली. आमच्याकडं बघितलं पण नाही. पदर खोचलेला, दोन्ही हात मोकळे, जवळजवळ धावतच गल्लीकडं. साहेबांनी बघितलं. हे बागेकडं बघायला लागले. मी म्हटलं, "टाक पूजेत आहे स्वामी."

साहेबांनी माझ्या पोरीच्या वाळ्यांकडं बघितलं. मग "हं" म्हणाले आणि जटक्यात बसले.

त्या दिवसानं मला एक शिकवलं, ते मी नंतर प्रत्येक झडतीला वापरलं. काय हरवलं हे हरवणाऱ्याच्या तोंडून ऐकावं, पण जिथनं हरवलं ती जागा आपल्या डोळ्यांनी बघावी. आणि कुणी काही लपवत असेल तर तो चोरच, असं धरून चालू नये. त्या दिवशी मड्डम लपवत होत्या, आया लपवत होती, हे लपवत होते, मी लपवत होते, शेवटी साहेब पण. चोर त्यात एकही नव्हता.

दशमीला सकाळी उत्तरपूजा झाली. जमादारांनी टाक धुतला, शाईत बुडवला, वहीवर कुंकवाचं बोट होतं त्याच्याखाली नवी तारीख घातली. मी प्रसादाचं ताट घेऊन मुद्दाम मागं उभी राहिले, काय लिहितात ते बघायला. पहिली नोंद हरवलेल्या शेळीची होती.